सूनमुखाच्या आरशावरचा ओरखडा

सन २००४. मला तेव्हा अडुसष्टावं चालू होतं, आणि दगडातलं माझ्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या जयपुरात नाही अशी माझी खात्री होती. ती आजही आहे. पण त्या वर्षी संक्रांतीला माझे व्याही, म्हणजे आमच्या सूनबाईचे वडील, चार दिवसांसाठी म्हणून नागपुराहून आले आणि चैत्र लागेपर्यंत राहिले. तेव्हा मला कळलं की या पृथ्वीच्या पाठीवर असाही एक गृहस्थ आहे, ज्याला माणसाचं तोंड दोन दिवस लक्षात राहत नाही, पण एकदा बघितलेला दगड तो जन्मभर विसरत नाही.

माझं शिक्षण चौथी पास. भुसावळकडे रेल्वेत गँगमन म्हणून चिकटलो, बदल्या होत होत जयपूरला आलो, इथे मुकादम झालो. छोटी लाइन मोठी झाली तेव्हा माझ्या गँगनं जेवढी खडी उचलली तेवढ्यात एक टेकडी उभी राहिली असती. दोन खडे एकमेकांवर आपटले की मी सांगायचो, हा चालेल, हा फेका. टण् वाजला तर पक्का, थप् वाजला तर कच्चा. साहेब लोक कागद घेऊन यायचे, मी कान घेऊन जायचो. निवृत्त झालो तेव्हा जगतपुऱ्यात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, मग मुलाच्या लग्नाआधी आणखी दोन. आणि व्याही? त्यांनी चाळीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. म्हणजे मी जे उन्हात केलं ते त्यांनी फळ्यावर केलं. आता दोघांत जास्त कोणाला कळणार, हे मी सांगायला नको.

त्यांना आणायला मी स्टेशनवर गेलो. हमालानं त्यांची वळकटी उचलली, लगेच खाली ठेवली आणि म्हणाला, "बाबूजी, इसमें पत्थर भरे हैं क्या?" व्याही आनंदानं म्हणाले, "जी हां! आपको कैसे पता चला?" हमालाला वाटलं म्हातारा टिंगल करतोय. तो चिडून निघून गेला आणि वळकटी शेवटी मी उचलली. घरी उघडली तर दोन सदरे, एक पँट, आणि बाकी सगळे दगड. एकेक दगड पायमोज्यात घातलेला, पायमोज्यावर चिठ्ठी टाचलेली. स्वतःच्या पायात मात्र मोजे नाहीत, जयपूरच्या जानेवारीत! आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, विचारलं, "व्याहीबुवा, पायाला थंडी नाही वाजत?" तर म्हणाले, "वाजते हो, पण हे एकमेकांवर घासून खराब होतात."

लोकांच्या गळ्यात ताईत असतो तसं यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. आंघोळीलाही काढत नसत. पण भिंगाच्या आधी चालायची ती जीभ. दगड दिसला की उचलायचा, फुंकायचा आणि चाटायचा. ओला केला की रंग खरा दिसतो, असं शास्त्र. मातकट दगड असला तर दातांनी कुरतडून बघायचे. दाताखाली कचकचला तर त्यात बारीक रेती आहे, लोण्यासारखा लागला तर नुसती चिकणमाती. एकदा भाजीवाल्याच्या गाड्यावर वजनाला ठेवलेला दगड त्यांनी चाटला. भाजीवाला माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाऊजी को खाना नहीं मिलता क्या घर में?" जेवताना भातात खडा लागला की माणूस तोंड वाकडं करतो. व्याही चेहरा उजळून तो खडा ताटाच्या कडेला काढायचे, भिंग लावायचे आणि जाहीर करायचे, "गारगोटी! उत्तम आहे!" आमची मंडळी तांदूळ निवडण्यात फार काटेकोर. पहिल्या वेळी त्यांचा चेहरा पडला. पुढे पुढे मला संशय येऊ लागला की पाहुणा खूश व्हावा म्हणून त्या एखादा खडा मुद्दाम ठेवतात.

कोट्याच्या फरशीवर त्यांनी लिंबू पिळलं ती दुपार मी विसरणार नाही. गुडघे टेकून, कान फरशीला लावून बसले होते. मी म्हटलं, "अहो व्याही, काय पडलं?" म्हणाले, "शूः! ऐका, फसफसतंय. हा चुनखडक. समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचा झालेला. आंबट लागलं की बुडबुडे सोडतो." बुडबुडे मी बघितले. मंडळींनी फरशीवर उमटलेला पांढरा डाग बघितला. तो डाग आजही आहे, त्याच्यावर आम्ही पाट ठेवतो.

आमच्या घराचं छप्पर जयपूरच्या पद्धतीनं दगडी पट्ट्यांचं आहे, लाल दगडाच्या लांब लांब पट्ट्या भिंतीवरून भिंतीवर टाकलेल्या. व्याही दुपारी खाटेवर पडले की वर बघत राहायचे. एकदा मला हाताला धरून शेजारी आडवं केलं. म्हणाले, "तिसऱ्या पट्टीकडे बघा. त्या लहरी दिसतात? पाणी वाळूवरून गेलं की उमटतात तशा. ती वाळू दबली, चिकटली, दगड झाला, पण लाट राहिली. व्याही, तुम्ही पाण्याच्या तळाखाली झोपता." आता मी ते छप्पर स्वतः उभं राहून घातलेलं. दहा वर्षं त्याच्याखाली घोरलो. कधी लाट दिसली नव्हती. पण मी असा सहज हरणारा नव्हे. म्हटलं, "दिसली होती की. म्हणून तर ती पट्टी निवडली." ते माझ्याकडे बघून इतके खूश झाले की मला थोडी लाजच वाटली.

त्यांच्या वेळेचा हिशेब वेगळाच. आमच्या महाराष्ट्रातला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याला म्हणायचे "अलीकडचा." इथला अरवलीचा डोंगर दीडशे कोटी वर्षांच्या वरचा, तो जरा "पोक्त." त्यामुळे "आलोच दोन मिनिटांत" असं म्हणून बनीपार्कात माझ्या जुन्या सोबत्याला भेटायला निघाले, तर वाटेत कोणाच्या तरी बांधकामावरच्या ग्रॅनाइटपाशी तीन तास. सोबती भेटलाच नाही. घरी आल्यावर मंडळींनी विचारलं, "व्याहीबुवा, चहा आत्ता घेणार की कोटीभर वर्षांनी?" पण मंडळींवर त्यांची मर्जी होती. मी एकदा म्हटलं, दगड शेतात वाढतात, दर पावसाळ्यानंतर नवे वर येतात, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. त्यांनी मला काही न सांगता स्वयंपाकघरात हाक मारली, "विहीणबाई, साखरेचा पाक ताटात ओतून झटकन गार केला तर काय होतं?" "वडी." "आणि भांड्यात हळूहळू गार होऊ दिला, दोरा सोडून?" "खडीसाखर." "झालं! जमिनीवर येऊन झटकन गार झाला तो आपला काळा पाषाण, त्यात कण दिसतही नाहीत. जमिनीच्या पोटात सावकाश गार झाला तो ग्रॅनाइट, त्यात खडे खडे." मग त्यांनी चिवड्याची बशी पुढे ओढली. म्हणाले, "हा दगड. यातले पोहे, दाणे, डाळं ही खनिजं. दगड मिश्र असतो, खनिज एकजात." मंडळींना हे एका घासात समजलं. मी अजून विचार करत होतो. त्या दिवसापासून मंडळी माझ्याशी बोलताना "तुम्हाला नाही कळायचं" असं दोनदा जास्त म्हणू लागल्या.

या माणसाचा एकच दोष, आणि तो भयंकर. दगडाच्या बाबतीत खोटं बोलता येत नसे. शेजारच्या भाभीजींनी एकदा मोठ्या विश्वासानं बोटातला पुष्कराज दाखवला. गुरू बलवान व्हावा म्हणून घातलेला. मी व्याह्यांना डोळ्यानं खुणावलं. ते भिंगातून डोकावले आणि म्हणाले, "कांच है." मग समजूत घालावी तशा आवाजात, "देखिए, इसमें बुलबुला भी है. बहुत सुंदर बुलबुला है." भाभीजींच्या घरून दर रविवारी येणारी कढी त्या दिवसापासून बंद झाली.

आणि ती कढी बंद झाली त्या दिवसापासून माझी झोप गेली. त्याचं कारण सांगतो. तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्याच्या तीन वर्षं आधी मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मी हट्ट धरला की सूनमुख बघताना सुनेला माणकाची अंगठी घालायची. आम्ही गँगमनचं घर, पलीकडे प्राध्यापक. आपण कमी दिसता कामा नये. मुलगा म्हणाला ओळखीच्या दुकानातून घेऊ. मी म्हटलं, चौतीस वर्षं दगड निवडलाय, मला दुकानदार शिकवणार? तीन रविवार जौहरी बाजाराच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. खडीची जशी पारख करायचो तशी केली. तळहातावर तोलला, दातावर वाजवला, काचेवर घासला. एक लाल खडा असा निघाला की काचेवर लख्ख रेघ उठली. म्हटलं, हाच. पुढे मांडवात सूनमुखाची वेळ आली. सासूनं सुनेचा चेहरा आरशात बघायचा आणि दागिना घालायचा. तेव्हा मला राहवलं नाही. अंगठी घेतली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्याच आरशावर ओरखडा ओढून दाखवला. "खरं माणिक! काच कापतं!" मंडळी इतक्या संतापल्या की सुनेचं मुख बघण्याआधी त्यांनी माझं मुख बघितलं.

वर्षाभरानं खडा जरा हलू लागला म्हणून मी अंगठी एका कारागिराकडे नेली, खडे घासून बसवणारा, रामगंजकडचा. त्यानं खडा उजेडात धरला आणि म्हणाला, "तामड़ा है, बाबा." तामडा म्हणजे माणकासारखा दिसणारा स्वस्तातला लाल खडा, गार्नेट. मी म्हटलं, काच कापतो हा! तो हसला. "कांच तो कंकड़ भी काट देता है." काचेवर रेघ साधी गारगोटीसुद्धा उठवते, हे मला, चौतीस वर्षं दगडात काढलेल्याला, त्या दिवशी कळलं. घरी आलो, अंगठी सूनबाईला परत दिली, "घट्ट बसवून आणलं" एवढंच म्हणालो.

आता हे भिंग माझ्या घरात फिरत होतं, आणि ती अंगठी पण. मी सूनबाईला म्हणायचो, "काढून ठेव गं ती, भांडी घासताना झिजेल." तर तिचे वडील लगेच, "माणिक पाण्यानं झिजत नाही हो व्याही! हिऱ्याच्या खालोखाल कठीण." ती चहा द्यायला आली की मी मध्ये पेपर धरायचो. ती वाढायला वाकली की मी व्याह्यांना छपरातली लाट दाखवायचो. त्यांना वाटलं मला फार गोडी लागली.

मार्चमध्ये त्यांनी आमच्या गच्चीच्या कठड्यावर दगडांची रांग मांडली, मऊपासून कठीणपर्यंत. पहिलं शंखजिरं, नखानं ओरखडतं. मग जिप्सम. मग संगमरवराचा तुकडा, तांब्याच्या पैशानं ओरखडतो. असं करत सातवी गारगोटी. पुढच्या तीन जागा खडूनं आखून रिकाम्या ठेवल्या होत्या, कारण आठवा, नववा आणि दहावा, म्हणजे पुष्कराज, माणिक आणि हिरा, पेन्शनीत बसत नाहीत. एका रविवारी गल्लीतले चार-सहा लोक वर आले होते. व्याही रंगात येऊन सांगत होते. भाभीजी मागे उभ्या होत्या. आल्या तेव्हाच मी ओळखलं, या दगड बघायला आलेल्या नाहीत.

"भाईसाब," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "नौ नंबर खाली क्यों है? बहू के हाथ में माणिक है ना. जरा उसको भी देख लीजिए. सबके सामने."

सगळे वळले. सूनबाईनं हात पुढे केला. व्याह्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि वाकले. मी कठड्याला धरलं. चौतीस वर्षांत दोनदा धडधडत येणाऱ्या गाडीपुढून गँग बाजूला काढलीय, पण त्या भिंगापुढून सूनबाईला कसं काढणार! गल्ली हसणार, मंडळी तीन वर्षांपूर्वीचा आरसा काढणार, आणि सूनबाईच्या मनात सासऱ्याची किंमत काय राहणार! व्याही बघत राहिले. मग सरळ झाले, भिंग पुसलं आणि म्हणाले,

"माणिक है."

भाभीजी तडक जिना उतरल्या.

मला आधी देव आठवला. मग दहा मिनिटांत राग आला. चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि या माणसाला तामडा ओळखता येत नाही! रामगंजातल्या कारागिराला उजेडात नुसता धरून कळलं, यांना भिंगातून कळेना! मी मनातल्या मनात नाचायचा बाकी होतो. पण पंचाईत अशी, की ते चुकले हे सांगायचं तर मी फसलो हे आधी सांगायला हवं. आठ दिवस मी तसाच फिरलो, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. ते छपराच्या लाटा दाखवायचे आणि मी मनात म्हणायचो, काय सांगताय, तामडा ओळखा आधी!

उन्हं कडक झाली तसे ते परत निघाले. दुपारची गाडी होती. ते खिडकीत बसले, मी फलाटावर. रुळांमधल्या खडीकडे बोट करून म्हणाले, "ही पण एके काळची वाळूच बरं का. दाबली, भाजली गेली, आणि इतकी पक्की झाली."

मी म्हटलं, "वाळू असती तर गाडी रुतली असती."

"व्याही, तुम्हाला दगडाचं बाहेरचं फार छान कळतं. आतलं मात्र—"

"आतलं तुम्हाला कळतं का?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तामड्याला माणिक म्हणता तुम्ही! चारचौघांत!"

गाडीला अजून सिग्नल नव्हता. त्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"तुम्हाला?"

"मांडवात कळलं. तुम्ही आरशावर रेघ ओढलीत तेव्हाच. माणकाचा लाल वेगळा असतो."

"मग त्या रविवारी खोटं बोललात?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "एकदाच. कोणाला सांगू नका, माझे विद्यार्थी आहेत अजून."

"पण का?"

"तुम्ही माझ्या सगळ्या भावांना धरधरून सांगत होतात, तीन रविवार बाजारात कसे हिंडलात ते. आमच्या पोरीला आई नाही हो. मी मांडवात उभा राहून एकच विचार करत होतो, ही चालली आहे त्या घरी कोणीतरी तिच्यासाठी तीन रविवार उन्हात खडे घासत बसलं होतं. तिथे कसलं भिंग काढता?"

त्यांनी खिशातून एक पायमोजा काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. आत चमचमत्या अभ्रकाचा एक ठिसूळ तुकडा, आणि त्यात वाटाण्याएवढा लाल मणी रुतून बसलेला. "टोंककडचा आहे. तामडा. मूळचा चिखल होता हा, व्याही. खोल गेला, वरून डोंगराचं ओझं आलं, खालून आच लागली, आणि त्या चिखलातच हा तयार झाला. न वितळता. कोणी बाहेरून आणून बसवलेला नाही." गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. त्यांनी ओरडून सांगितलं, "आणि छपराची लाट तुम्हाला आधी दिसली नव्हती! मला माहीत होतं!"

पुढच्या संक्रांतीला ते यायचे होते. मंडळींनी तांदूळ आणून ठेवले होते, आणि मी पायमोज्याचे चार जोड. त्याआधीच नागपुराहून फोन आला. सूनबाई आणि मुलगा तिकडे धावले, परत येताना ती वडिलांचं भिंग घेऊन आली. ते आता देवाजवळ असतं, काळ्या दोऱ्यासकट. कोणी नसताना मी कधीतरी त्यातून तिसऱ्या पट्टीकडे बघतो. लाट तशीच आहे. तिला काही घाई नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्यांना गाडीत बसवून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो आणि पायमोजा घेऊन गच्चीवर गेलो. गारगोटीच्या पुढे, आठव्या जागेच्या अलीकडे, तो टोंकचा तुकडा ठेवला. खाली अंगणात सूनबाई तुळशीला पाणी घालत होती, पलीकडे भाभीजी कपडे वाळत घालत होत्या. येणाऱ्या गाडीची वर्दी द्यायला गँगला हाक मारायचो त्या आवाजात मी ओरडलो, "सूनबाई! ती अंगठी माणकाची नाही, तामड्याची आहे! मी फसलो होतो! तुझ्या बापाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!" आणि भाभीजींना नीट कळावं म्हणून सगळं परत एकदा हिंदीत सांगितलं.

मग खाली जाऊन चहा मागितला.